फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यांची इमेज क्वालिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"या दोघांतला कुठला कॅमेरा चांगले फोटो देतो?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो, की एकदाच सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं. माझं मत आधीच सांगतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या फुल फ्रेम सेन्सरांमध्ये (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) फरक आहेत, पण ते छोटे आहेत आणि ठरावीक जागीच दिसतात. 'तुलना' म्हणून जे दाखवलं जातं, त्यातला बराचसा फरक लेन्सचा, फोकसचा, एक्स्पोजरचा, सॉफ्टवेअरचा नाहीतर फोटो किती मोठा करून पाहिला याचा असतो. सेन्सर बिचारा कधी फुकटचं श्रेय घेतो, कधी फुकटचा मार खातो.

फुल फ्रेम म्हटलं की सेन्सर सगळ्यांचा सारखाच ना?

आकार सारखा. साधारण ३६ × २४ मिलीमीटर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमएवढा. बाकी सारखं असेलच असं नाही. सोनीने २०१३ मध्ये ए७ आणि ए७आर हे फुल फ्रेम मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे आणले, निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये या मैदानात उतरले, पॅनासॉनिक २०१९ मध्ये. कॅनन आपले सेन्सर स्वतः बनवते. सोनीची सेमीकंडक्टर शाखा मात्र इतर कंपन्यांनाही सेन्सर पुरवते. त्यामुळे होतं असं, की सिग्मा एफपी एल हातात घेतला तरी आतला ६१ मेगापिक्सेलचा सेन्सर सोनीच्या ए७आर-४ मधल्याच जातकुळीतला निघतो. म्हणजे 'हा ब्रँड विरुद्ध तो ब्रँड' अशी जुंपलेली भांडणं कित्येकदा एकाच घरातल्या दोन भावांची असतात.

फरक पडतो तो सेन्सरवरून माहिती किती वेगाने वाचली जाते, समोर कुठली काच आणि कुठला फिल्टर बसवलाय, आणि रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती साठवणारी फाइल) लिहिण्याआधी कॅमेरा आतल्या आत काय करतो, यात.

मेगापिक्सेल जास्त म्हणजे क्वालिटी जास्त का?

तपशील जास्त. क्वालिटी हा शब्द जरा मोठा आहे.

आणि तपशीलही आकड्यावरून वाटतो तितका जास्त नाही. मेगापिक्सेल क्षेत्रफळ मोजतात, डोळा पाहतो लांबी-रुंदी. २४ वरून ३३ मेगापिक्सेलवर गेलात तर फोटोची रुंदी वाढते सतरा टक्के. २४ वरून ४५ वर गेलात तर साधारण सदतीस टक्के. ६१ ला गेलात तर जवळपास साठ टक्के. पहिली उडी फोटोत ओळखू येणं कठीण, दुसरी नीट पाहिलं तर दिसते, तिसरी स्पष्ट दिसते. अट एवढीच, की लेन्स, फोकस आणि हाताची स्थिरता तिला साथ देणारी हवी.

२४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० × ४००० पिक्सेलची असते. ए३ आकाराच्या प्रिंटवर ती इंचाला साडेतीनशेहून जास्त पिक्सेल देते, आणि चांगल्या प्रिंटसाठी नेहमी सांगितला जातो तो आकडा आहे ३००. मी एकदा २४ आणि ६१ मेगापिक्सेलच्या फोटोंच्या ए३ प्रिंट शेजारी ठेवल्या आणि फोटो काढणाऱ्याच मित्रांना ओळखायला लावल्या. हातभर अंतरावरून उत्तरं निव्वळ अंदाजपंचे होती. एकाने भिंग मागितलं आणि लगेच बरोबर सांगितलं. भिंग घेऊन प्रिंट पाहणारी माणसं तुमच्या ओळखीत किती आहेत, ते तुम्हीच ठरवा. ४के स्क्रीनवर तर एकूण पिक्सेलच असतात सव्वाआठ मेगापिक्सेलच्या आसपास.

जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग आहे क्रॉप करण्यात. पक्षी लांब आहे, लेन्स तोकडी पडते, अशा वेळी ६१ मेगापिक्सेलमधून निम्मी फ्रेम फेकून दिली तरी ३० उरतात. ज्यांचं कामच हे आहे त्यांनी डोळे मिटून जास्त मेगापिक्सेल घ्यावेत.

कमी मेगापिक्सेलचे मोठे पिक्सेल अंधारात चांगले, हे खरं ना?

हा समज काही केल्या जात नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. म्हणून जरा सविस्तर.

नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या दाणेदारपणाचा, मोठा भाग कॅमेऱ्यात तयार होत नाही, प्रकाशातच असतो. प्रकाश सुटे कण म्हणून येतो आणि पावसाच्या थेंबांसारखा विस्कळीत पडतो. एका जागी सरासरी १०,००० फोटॉन पडणार असतील तर त्यात साधारण १०० इकडे-तिकडे होतात, कारण चढउतार वर्गमुळाएवढा असतो. म्हणजे एक टक्का. प्रकाश चौथाईवर आला, २,५०० फोटॉन उरले, तर चढउतार ५०, म्हणजे दोन टक्के. प्रकाश कमी झाला की फोटो दाणेदार दिसतो तो मुख्यतः यामुळे. कॅमेरा कितीही भारी असू द्या, हे गणित कुणाला चुकलेलं नाही.

आता १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ८.४ मायक्रॉनचा, ६१ मेगापिक्सेलवरचा ३.७६ मायक्रॉनचा. छोट्या पिक्सेलला अर्थातच कमी प्रकाश मिळतो, आणि १०० टक्के झूम करून पाहिलं तर तो जास्त दाणेदार दिसतो. पण पूर्ण सेन्सरवर पडलेला प्रकाश दोघांकडे तितकाच आहे. घरासमोर पाऊस पडतोय आणि तुम्ही अंगणात चार घंगाळी ठेवली काय किंवा तेवढीच जागा व्यापणाऱ्या वीस वाट्या ठेवल्या काय, साठलेलं पाणी सारखंच. दोन्ही फोटो एकाच आकारात आणून पाहा, नॉइज जवळजवळ सारखा निघेल.

अर्ध्या सत्याचा दुसरा भाग असा: प्रत्येक पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचा थोडा नॉइज मिसळतं, आणि वाट्या जास्त तर ही मिसळही जास्त वेळा. प्रकाश अगदीच नसेल, आयएसओ (फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारा आकडा) २५,६०० च्या पुढे गेला असेल, तर सोनीच्या ए७एस-३ सारखा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा किंचित पुढे राहतो. त्या कॅमेऱ्याचं खरं बळ मात्र व्हिडिओत आहे, कारण पिक्सेल थोडे असल्याने सेन्सर झटपट वाचून होतो. नुसत्या फोटोंसाठी, 'अंधारात भारी' म्हणून तो घेणाऱ्यांना मी दोनदा विचार करायला सांगतो.

डायनॅमिक रेंजचे आकडे कसे वाचायचे? एकीकडे १४.८ लिहितात, दुसरीकडे त्याच कॅमेऱ्याला ११.५.

डायनॅमिक रेंज म्हणजे सगळ्यात गडद ते सगळ्यात उजळ असा किती पल्ला एका फोटोत टिपता येतो, स्टॉपमध्ये मोजलेला. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण मोजपट्टी वेगळी. किती नॉइज झाला की सावलीतला भाग 'वाया गेला' म्हणायचं, याची रेघ प्रत्येकाने वेगळ्या जागी मारलीय. कॅमेरे मोजणारी डीएक्सओमार्क ही वेबसाइट ती रेघ बरीच खाली मारते, म्हणून आकडे मोठे दिसतात. 'फोटॉन्स टू फोटोज' या दुसऱ्या वेबसाइटवरचे आलेख जास्त कडक, डोळ्याला पटेल अशा पातळीवर मोजतात, म्हणून आकडे लहान. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहणं म्हणजे एकाची उंची फुटात आणि दुसऱ्याची हातात मोजून 'हा उंच' म्हणण्यासारखं आहे.

डीएक्सओमार्कवर 'स्क्रीन' आणि 'प्रिंट' अशा दोन नोंदी असतात, तिकडेही लक्ष ठेवा. 'स्क्रीन' म्हणजे एकेका पिक्सेलचा हिशोब. 'प्रिंट' म्हणजे सगळे फोटो ८ मेगापिक्सेलवर आणून केलेला. वेगवेगळ्या मेगापिक्सेलचे कॅमेरे तोलायचे असतील तर 'प्रिंट'च पाहायचं.

आकडा हाताळण्यासाठी साधा नियम: एक स्टॉप म्हणजे दुप्पट. अर्ध्या स्टॉपपेक्षा कमी फरक मी मोजतच नाही, कारण तेवढा माझ्याच मीटरिंगच्या चुकीत बुडून जातो. पूर्ण स्टॉपचा फरक दिसतो, पण सूर्यास्ताच्या फोटोत सावल्या चार-चार स्टॉप वर ओढल्या तरच. प्रकाश बरा असताना काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये कधीच नाही.

आणखी एक मेख. काही कॅमेरे रॉ फाइल लिहितानाच नॉइज थोडा पुसून घेतात. कॅननच्या आर५ आणि आर६ मध्ये कमी आयएसओवर असं होतं, आणि 'फोटॉन्स टू फोटोज'च्या आलेखावर ते ठिपके वेगळ्या चिन्हाने दाखवलेले असतात. आकडा त्यामुळे थोडा गोंडस दिसतो. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, पण तुलना करताना ते चिन्ह पाहूनच पुढे जा.

स्टॅक्ड सेन्सर म्हणजे वेग जास्त, मग क्वालिटी कमी होते का?

कधीकधी हो, आणि नेमकी कुठे ते सांगता येतं.

साध्या सेन्सरमध्ये माहिती ओळीओळीने, सावकाश वाचली जाते. स्टॅक्डमध्ये सेन्सरच्या पाठीला मेमरी आणि सर्किट चिकटवलेलं असतं, त्यामुळे वाचन खूप जलद होतं. फुल फ्रेममध्ये हे पहिल्यांदा सोनीच्या ए९ ने २०१७ मध्ये आणलं. निकॉनचा झेड९ इतका जलद वाचतो, की त्याला मेकॅनिकल शटर दिलेलंच नाही.

या वेगाची किंमत बहुतेक वेळा कमी आयएसओवरच्या सावल्यांत चुकवावी लागते. निकॉनचा झेड६-३ (२०२४) हे ठळक उदाहरण. त्याचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड आहे, आणि आयएसओ १०० वर त्याची डायनॅमिक रेंज आधीच्या झेड६-२ पेक्षा जवळपास एका स्टॉपने कमी आहे. आयएसओ ८०० च्या पुढे हा फरक विरघळून जातो. लग्नं, खेळ, नाटक यांचे फोटो काढणाऱ्याला तो कधी कळणारही नाही. पहाटे एकाच एक्स्पोजरमध्ये डोंगर आणि आकाश दोन्ही पकडणाऱ्याला कळेल. त्याला मी झेड६-२ ठेव म्हणेन, किंवा आयएसओ ६४ देणारा झेड८ घे म्हणेन. झेड८ पूर्ण स्टॅक्ड असूनही तिथे तग धरतो, म्हणजे 'स्टॅक्ड म्हणजे कमी' असा सरसकट नियम काही निघत नाही.

ग्लोबल शटरचं गणित याच्याही पुढचं. सोनीच्या ए९-३ मध्ये (जाहीर झाला २०२३ च्या अखेरीस) सगळे पिक्सेल एकाच क्षणी वाचले जातात. चालत्या चेंडूचा लंबगोल होत नाही, फ्लॅश कुठल्याही शटर स्पीडला चालतो. बदल्यात त्याचा मूळ आयएसओ १०० नसून २५० आहे आणि डायनॅमिक रेंज तुलनेत कमी. ज्याला तो हवाय त्याला दुसरा कुठलाही कॅमेरा चालणार नाही, आणि बाकीच्यांनी त्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

सायलेंट मोडमध्ये काढलेले फोटो खराब येतात का?

येऊ शकतात, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सायलेंट म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर. त्यात तीन गोष्टी होतात.

एक, बिट (उजळपणाच्या किती पायऱ्या नोंदवल्या जातात ते सांगणारा आकडा) कमी होऊ शकतात. कॅनन आर५ मेकॅनिकल शटरला १४ बिटचं रॉ देतो, इलेक्ट्रॉनिकला १२ बिटचं. उजेडात काही कळत नाही, पण कमी आयएसओवर गडद सावल्या उचलल्या की नॉइज पुढे येतो.

दोन, सेन्सर सावकाश वाचणारा असेल तर हलती वस्तू तिरकी होते.

तिसरी गोष्ट दिव्यांची, आणि तिने बऱ्याच जणांना रडवलंय. विजेवरचे बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मंद-तेज होतात. सोनीच्या ए७आर-५ ला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दिवा दहा-बारा वेळा मिचकावतो, आणि शटर स्पीड जास्त ठेवला असेल तर फोटोवर तितकेच आडवे पट्टे उमटतात. मी एका सभागृहात कुणाला आवाजाचा त्रास नको म्हणून दोन तास सायलेंटवर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. घरी मोठ्या स्क्रीनवर लावले तर प्रत्येक चेहऱ्यावर पांघरुणावरच्या रेघांसारखे फिकट पट्टे! दोष कॅमेऱ्याचा नव्हता, मोड माझ्या बोटाने बदलला होता. झेड९ हेच वाचन सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहूनही कमी वेळात संपवतो, म्हणून तिथे हा त्रास क्वचित होतो.

तेव्हा दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना दोन्हीकडे शटर कुठलं लावलंय ते आधी पाहा. एकीकडे मेकॅनिकल, दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक असेल तर ती तुलना तिथेच सोडून द्या.

आयएसओ ५०० पेक्षा ६४० ला नॉइज कमी येतो असं कुणी सांगितलं. चेष्टा करतात का?

नाही. आजच्या बहुतेक सेन्सरमध्ये वाचनाचे दोन गियर असतात. सोनी ए७-३ मध्ये दुसरा गियर आयएसओ ६४० ला पडतो, निकॉन झेड६ मध्ये ८०० ला. गियर पडला की सावल्यांतला वाचनाचा नॉइज एकदम खाली येतो, म्हणून ए७-३ वर ५०० पेक्षा ६४० ला सावल्या स्वच्छ दिसू शकतात. दोन कॅमेरे आयएसओ ६४० वर तोललेत तर एकाचा गियर पडलेला आणि दुसऱ्याचा बाकी, असं होऊ शकतं. त्या एकाच आकड्यावरून निकाल देऊ नका, आयएसओ १००, ४००, १६००, ६४०० असे चार-पाच टप्पे घ्या.

कॅननचे रंग छान, सोनीचे हिरवट, हे खरं आहे का?

जेपेगबद्दल, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः तयार करून दिलेल्या फोटोबद्दल, बोलत असाल तर त्यात तथ्य आहे. प्रत्येक कंपनी त्वचेचा रंग, आकाशाची निळाई आपल्या आवडीप्रमाणे वळवते आणि ऑटो व्हाइट बॅलन्सचा कल प्रत्येकीचा वेगळा. सोनीच्या सुरुवातीच्या ए७ कॅमेऱ्यांच्या रंगांवर तक्रारी होत्या, पुढच्या पिढ्यांत त्या बऱ्याच निवळल्या.

रॉमध्ये रंग असा तयार नसतोच. सॉफ्टवेअर प्रोफाइल लावतं तेव्हा तो येतो. तीच फाइल लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरमध्ये एक दिसते आणि कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी. मग 'रंग कॅमेऱ्याचा' म्हणायचं की सॉफ्टवेअरचा? २४ चौकटींचं रंगपत्र घेऊन दोन्ही कॅमेऱ्यांची प्रोफाइल स्वतः बनवली, की त्यांतलं अंतर इतकं कमी होतं की वाद घालायला मजाच उरत नाही. थोडा फरक तरीही शिल्लक राहतो, कारण सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरांची घडण वेगळी असते. विचित्र दिव्यांखाली, विशेषतः जांभळ्या-निळ्या स्टेज लायटिंगमध्ये, तो डोकं वर काढतो.

माझं विचाराल तर रोज शंभर जेपेग थेट ग्राहकाला द्यायच्या असतील तर रंग हा कॅमेरा निवडण्याचा पहिला निकष ठेवा. रॉ वर काम करत असाल तर शेवटचा.

मग खरा फरक लेन्सचाच म्हणायचा?

बऱ्याच अंशी. आणि लेन्स म्हणताना फक्त नाव नाही, तुमच्या हातातला तो एक नग. एकाच मॉडेलच्या दोन लेन्सांत एक कोपरा जरा मऊ निघणं नवीन नाही.

मिररलेसने इथे एक वेगळा पेच आणलाय. काही लेन्स मुद्दाम अशा बनवतात, की त्यांची वक्रता आणि कोपऱ्यांचा काळोख सॉफ्टवेअरने दुरुस्त करायचा. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ घ्या. दुरुस्ती बंद करून रॉ उघडली की कडा पिंपासारख्या फुगलेल्या दिसतात. सॉफ्टवेअर कोपरे ताणून सरळ करतं आणि उजळही करतं. ताणल्याने तपशील पातळ होतो, उजळल्याने नॉइज वाढतो. मग कोपरा दाणेदार दिसला की दोष सेन्सरच्या माथी. लेन्स छोटी आणि हलकी होते हा फायदा खरा आहे, मी स्वतः अशा लेन्स आनंदाने वापरतो. पण अशा लेन्सने केलेल्या तुलनेत सेन्सरबद्दल काही सिद्ध होत नाही.

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्स ॲडॉप्टरने लावणाऱ्यांसाठी: सेन्सरसमोरच्या काचेची जाडी इथे कळीची ठरते. सोनीची काच जाड, निकॉन झेडची पातळ. म्हणून तीच लेन्स सोनीवर कोपऱ्यात फराटे मारते आणि झेडवर बरीच सावरते.

घरच्या घरी दोन कॅमेऱ्यांची प्रामाणिक तुलना कशी करू?

विटांची भिंत विसरा. पुस्तकांचं कपाट घ्या. बारीक अक्षरं, कापडी बांधणी, चकचकीत वेष्टन, खालच्या कप्प्यात गडद सावली, सगळं एका जागी मिळतं.

शक्य असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांवर एकच लेन्स लावा. जुनी एसएलआरची ५० किंवा ५५ मिमी मॅक्रो लेन्स साध्या ॲडॉप्टरने सगळ्या मिररलेसवर बसते, कारण मिररलेसमध्ये माउंट आणि सेन्सरमधलं अंतर खूप कमी असतं: निकॉन झेडला १६ मिमी, सोनीला १८, कॅनन आरएफ आणि पॅनासॉनिक, सिग्माच्या एल माउंटला २०. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश सोडणारं छिद्र) हाताने एफ/५.६ वर. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. फोकस स्क्रीनवर मोठा करून हाताने, आणि प्रत्येक वेळी नव्याने. तीन-तीन फोटो काढून त्यातला सर्वांत स्पष्ट तो ठेवा.

कॅमेरा कपाटाला समांतर आहे का, हे डोळ्यांवर सोडू नका. मी सोडलं होतं. आठवडाभर मी एका कॅमेऱ्याची डावी बाजू मऊ आहे असं सगळ्यांना सांगत फिरत होतो. शेवटी कुणीतरी युक्ती शिकवली: छोटा सपाट आरसा पुस्तकांच्या पाठीला टेकवून धरायचा आणि कॅमेऱ्यातून त्यात पाहायचं. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोब्बर मधोमध दिसलं तर कॅमेरा समांतर. माझं प्रतिबिंब उजवीकडे सरकलेलं होतं. ट्रायपॉडचं डोकं दोन अंश फिरवलं आणि 'मऊ' बाजू टवटवीत झाली.

एक्स्पोजर सारखं ठेवा म्हणजे प्रकाश, ॲपर्चर आणि शटर स्पीड सारखे ठेवा. आयएसओचा आकडा सारखा असला तरी एका कॅमेऱ्याचा फोटो थोडा उजळ येऊ शकतो, कारण तो आकडा ठरवताना कंपन्यांना मोकळीक असते. तो उजळपणा नंतर स्लायडरने जुळवा.

सावल्या तपासायच्या तर मूळ आयएसओवर मुद्दाम चार स्टॉप अंधारा फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये चार स्टॉप उचला. खालच्या कप्प्यातल्या काळ्या पुस्तकांवर नुसते दाणे आहेत, की आडवे पट्टे, की हिरवी-जांभळी छटा, ते पाहा. दाणे चालतात, ते पुसता येतात. पट्टे आणि छटा नाही चालत.

आणि सॉफ्टवेअर! लाइटरूम रॉ उघडताना न विचारता शार्पनिंग ४० आणि रंगाचा नॉइज रिडक्शन २५ लावतं. दोन्ही फाइलींवर ते शून्य करा. शेवटी मोठी फाइल छोटीच्या आकारात आणा, मग शेजारी ठेवा. छोटी ताणून मोठी करू नका. तुमचं काम मोठ्या प्रिंटचंच असेल तर गोष्ट वेगळी.

तयार नमुना फोटो पाहून ठरवलं तर?

चालेल, फक्त रॉ उतरवून घ्या. डीपीरिव्ह्यू या वेबसाइटच्या स्टुडिओ दृश्यात दिवसाचा आणि मंद प्रकाश असे पर्याय आहेत, आणि आकार सारखा करून पाहण्याचं बटणही आहे. ते दाबल्याशिवाय ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमी जास्त दाणेदार वाटणार. भटकंतीतले, वेगवेगळ्या दिवशीचे सुंदर फोटो पाहून मात्र कॅमेरा नाही, फोटोग्राफर कळतो.

लो पास फिल्टर असावा की नसावा?

हा सेन्सरसमोरचा पातळ थर प्रतिमा किंचित मऊ करतो आणि बारीक विणीच्या कापडावर उमटणारी रंगीत लाटांची जाळी, म्हणजे मोआरे, कमी करतो. निकॉन झेड६ ला तो आहे, झेड७ ला नाही. कॅनन आर५ ला आहे, सोनीच्या ए७आर मालिकेला नाही. कपडे, वास्तू यांचे फोटो काढणाऱ्यांना असलेला बरा. निसर्गाच्या फोटोंना नसलेला. जास्त मेगापिक्सेलवर हा मुद्दा आपसूक फिका पडतो.

एफ/१६ ला माझा ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा मऊ का दिसतो?

प्रकाश छोट्या छिद्रातून गेला की पसरतो. एफ/११ ला एका बिंदूची चकती साधारण १५ मायक्रॉनची होते, एफ/१६ ला २१ च्याही पुढे. तुमचा पिक्सेल आहे पावणेचारचा. म्हणजे एक बिंदू पाच-सहा पिक्सेलांवर सांडतो. तरीही तो फोटो २४ मेगापिक्सेलच्या फोटोपेक्षा वाईट होत नाही, फक्त जास्तीच्या मेगापिक्सेलांचा फायदा हळूहळू संपतो. एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा, जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट हवं असेल तर फोकस सरकवत तीन फोटो काढून जोडा.

पिक्सेल शिफ्टने काढलेले फोटो तुलनेत धरायचे का?

वस्तू जागची हलत नसेल तरच. सेन्सर एक किंवा अर्धा पिक्सेल सरकवून चार किंवा सोळा फोटो जोडले जातात. ए७आर-४ सोळा फोटोंतून २४० मेगापिक्सेलची फाइल देतो, तीही संगणकावर जोडून. चित्रं, नाणी, हस्तलिखितं यांना अप्रतिम. झाडाची पानं हलली की जोडकाम उघडं पडतं.

रॉ कॉम्प्रेस केल्याने काही बिघडतं का?

लॉसलेस (काहीही माहिती न गमावता लहान केलेलं) असेल तर काहीच नाही. लॉसी (थोडी माहिती टाकून देऊन लहान केलेलं) असेल तर क्वचित. सोनीच्या सुरुवातीच्या ए७ कॅमेऱ्यांत फक्त लॉसी कॉम्प्रेस्ड रॉच मिळायचं, आणि काळ्या आकाशातल्या तेजस्वी रेषेच्या कडेला खरखरीत डाग दिसायचे. २०१५ मध्ये कॉम्प्रेस न केलेलं रॉ आलं, पुढे ए१ पासून लॉसलेसही. आज लॉसलेसचा पर्याय असेल तर तोच लावून विसरून जा.

माझ्याकडे ए७-३ आहे. नव्या कॅमेऱ्याने फोटो सुधारतील का?

नुसत्या इमेज क्वालिटीसाठी बदलत असाल तर नाही. २०१८ च्या त्या सेन्सरची डायनॅमिक रेंज आणि नॉइज आजच्या २४ ते ३३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांच्या पंगतीत बसतात. नॉइज सतावत असेल तर आधी एआय डिनॉइज, म्हणजे नॉइज पुसणारी सॉफ्टवेअरमधली सोय, वापरून पाहा. लाइटरूममध्ये तो २०२३ मध्ये आला, आणि आयएसओ ६४०० वरच्या माझ्या जुन्या फाइली मी त्यातून काढल्या तेव्हा दोन कॅमेऱ्यांमधला बराचसा फरक तिथेच पुसला गेला. डोळ्यावर न बसलेला फोकस मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. नवे कॅमेरे डोळे, पक्षी, धावणारी माणसं ज्या चिकाटीने पकडतात, त्यामुळे हाती लागणारे स्पष्ट फोटो वाढतात. त्यासाठी बदलायचा तर बदला.

पोर्ट्रेटमधली धूसर वर्तुळं एका कॅमेऱ्यावर अर्धी कापल्यासारखी येतात, दुसऱ्यावर गोल. लेन्स तीच आहे.

शटर तपासा. बहुतेक 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' (एक्स्पोजरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट मेकॅनिकल शटरने) चालू असणार. एफ/१.४ किंवा त्याहून मोठं ॲपर्चर आणि सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून जलद शटर असेल तर ते मागच्या दिव्यांच्या वर्तुळांची एक कड खातं. मेनूत जाऊन पूर्ण मेकॅनिकल लावा. सोनी ए७सी आणि कॅनन आर८ मध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, तिथे भर उन्हात पूर्ण इलेक्ट्रॉनिक वापरा, नाहीतर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावून शटर हजाराव्या भागाच्या खाली आणा.